मशिनीले बहिनीचा हात

सानगडी, ता. साकोली
६ नोव्हेंबर २०२२, रविवार

डिंपलबाईले देवाचा नमस्कार.

इथं सगळे मजेत हायेत. माय मजेत, बाबा मजेत, बकरी मजेत. तुमच्या लाखांदुराले बी मावशी, भाऊजी, बैल सगळे मजेत असतीन. गुरुजीनं पत्राचा मायना एवढाच शिकवला होता, तो संपला. आता कामाचं सांगतो. खाली बसून वाच, उभ्यानं वाचू नोको.

बाई, मीनं तुझ्या सासूले, मावशीले, खोटं सांगितलं. लहानसहान नाही, भलकसं खोटं. भाऊबिजेले तुमच्या घरी मी बोललो ना, का मीनं कंप्युटर घेतला म्हनून? घेतलाच नव्हता. आनि ते रीत सांगितली, का घरात नवीन मशीन आली तं लग्न झालेल्या बहिनीनं येऊन पहिला हात लावा लागते, तोवर मशीन चालू करता येत नाही, ते रीत बी खोटी. आपल्या घरी नाही, आपल्या ढीवरांत नाही, सानगडीत नाही, कुठंच नाही. तुमच्या ओसरीत बसून, चहा पेता पेता मीनं ते बनवली.

फोनवर हे सांगता येत नव्हतं. तुझा फोन वाजला का मावशी उचलतेत आनि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतेत. त्याइले वाटते का स्पीकरवर नाही टाकलं तं आवाज अर्धाच येते. मंग तू, मी, मावशी, भाऊजी आनि अंगनातल्या कोंबड्या, सगळे मिळून बोलतो. म्हनून कागद घेतला. माय बुधवारी मंडईच्या जत्रेचं आवतन घेऊन तुमच्याकडं येऊन राहिली. तिच्याजवळ सुक्या मासोळ्यांचा डब्बा देतो, त्याच्या बुडाशी पन्नीत गुंडाळून हे पत्र टाकतो. मावशीले त्या वासानं शिंका येतेत हे माहीत हाये मले. डब्बा तूच उघडशीन. कागदाले वास येईन, तेवढं सहन कर.

मीनं असं काहून केलं ते सांगतो. मी खोटं बोललो तेव्हा तू घरी नव्हतीस. त्याच्या आधी तू मले ओवाळलं, तुमच्या त्या निळ्या खुर्चीवर बसवलं, अन् डोक्यावर पदर घेऊन बाहेर आलीस न् म्हनलीस, "काय देवानंद, बरा आहेस ना? घरी सगळे बरे?"

बाई, मीनं मागं वळून पाह्यलं का हा देवानंद कोन आला म्हनून.

आनि चहा कपबशीत. मले कपबशीत! जिनं मले आतापर्यंत जर्मनच्या गिलासात, अर्धा स्वतः पेऊन झाल्यावर उरलेला चहा दिला, तिनं मले कपबशी देली न् बशीत दोन बिस्किटं. मी एक गंमत बी केली तुले हासवाले, आठवते? बिस्किट चहात बुडवून मुद्दाम पाडलं न् म्हनलो, "गेला बिचारा, पोहता येत नव्हतं." भाऊजी हासले. तू पदर तोंडाले लावला. पदराच्या आत हासलीस का नाही ते मले काही समजलं नाही. तुझं हासनं पदरात मावत नाही, नाकातून कसा डुकरावानी आवाज येते. तो नाही आला.

मंग तू कापनीवाल्या बायाइची शिदोरी घेऊन धानाच्या बांधीत गेलीस. मी आनि मावशी दोघंच उरलो. मी इचारलं, "मावशी, मंडईले बाईले पाठवा जी. लग्न झाल्यापासून आलीच नाही ते."

मावशी काही रागानं नाही बोलल्या. म्हनलं, "बाबू, राखीले पाठवतच होतो, तं चुलबंद नदीले पूर आला, रस्ता बंद. दिवाळीले ह्या गुडघ्यानं दगा देला. आता कापनी सुरू हाये, मंग चुरना-मळनी. घरात दुसरी बाई नाही. कोनाच्या भरवशावर पाठवू, तूच सांग?"

खरंच बोलून राहिल्या होत्या त्या. कोनी वाईट असता तं भांडलो असतो. इथं कोनी वाईटच नाही, लफडं तं तेच हाये.

तं माझ्या तोंडातून निघालं, "मावशी, मीनं कंप्युटर घेतला."

"बरं केलं बाबू."

"पन चालू नाही करता येत."

"येवढ्यात बिघडला का?"

"नाही जी. आमच्याकडं रीत हाये. मशीन आली का बहिनीचा हात लागा लागते. मोटारपंप घेतला तेव्हा माझी आत्या आलती." पंप घेतला तेव्हा आत्या आलती हे खरं हाये, पन ते आलती तिच्या दाताले.

"अशी रीत? मीनं नाही आयकली."

"आजीनं सांगितली." आजी वारली, तिले कोन इचारून राहिलं.

"मंग करतेत काय?"

इथं मले गंमत वाटाले लागली, बाई. खोडी जमून राहिली का मले तोंडात गूळ असल्यावानी होते, तुले माहीत हाये. मी म्हनलो, बहीन नव्या धानाची मूठ मशिनीवर ठेवते, हात लावते न् म्हनते, 'माझ्या भावाच्या घरी नीट नांद.' मंग बटन दाबते. मावशीनं इचारलं, "न् मुक्काम?" मी म्हनलो, "पाच दिवस. मशीन घरात रुळेपर्यंत बहिनीनं तिच्याजवळ राहा लागते जी." नंतर एस्टीत बसल्यावर माझ्या डोक्यात आलं का पंधरा काहून नाही म्हनलो. मूर्ख.

मले वाटलं, पकडला गेला देवानंद. मावशी गुडघा चोळत बसल्या न् मंग हळूच म्हनलं, "माझ्या भावानं एकोडीले टॅक्टर घेतला, दोन साल होऊन राहिले. मले कोनी सांगितलं बी नाही."

बाई, तेव्हा मले हासू नाही आलं.

तुले प्रश्न पडला असन का दुसऱ्या दिवशी मावशीचा भाऊ जीप घेऊन काहून आला, न् एवढ्या कापनीत, एवढ्या गुडघ्यात मावशी एकोडीले काहून गेल्या. तर हे असं हाये. त्याइनं रात्रीच भावाले फोन करून झाडलं होतं का टॅक्टर घेतला न् बहिनीचा हात नाही लावला, लाज नाही वाटत का? तो बिचारा भेला. त्याले वाटलं, म्हनूनच टॅक्टर सारखा बिघडते. दोन सालाच्या जुन्या टॅक्टरले धुतलं, हार घातला, मावशीले उभं केलं, धानाची मूठ ठेवाले लावली. मावशी रडल्या म्हने. पाच दिवस राह्यल्या, न् तू इकडं एकटी रांधत न् शिदोऱ्या नेत राह्यलीस. ते बी माझ्यामुळंच झालं. माफ कर.

हे सारं मले मावशीनंच सांगितलं, फोनवर, स्पीकरवर. आवाज असा होता का मले वाटलं कोनी दुसरीच बाई बोलून राहिली. मंग त्याइनं मायले फोन द्यायले लावला. माय मासोळ्या साफ करून राहिली होती. मी पाटाजवळ उभा. मावशीनं इचारलं, "ईनबाई, तुमच्यात मशिनीले लेकीचा हात लावतेत ना? देवानंदनं सांगितलं."

मायचा हात थांबला. मायनं माझ्याकडं पाह्यलं. मी जमिनीकडं पाह्यलं.

"हो जी ईनबाई," माय म्हनते, "आमच्या सासूबाईपासून चालू हाये."

फोन ठेवला, मासोळीचे खवले काढाले पुन्हा बसली, न् वर न पाहता इचारलं, "कंप्युटर कुठी हाये?"

"येऊन राहिला," मी म्हनलो.

"लवकर आन."

बस, एवढंच. ना मारलं, ना शिव्या देल्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीतले कांद्याचे पोते काढून बाहेर ठेवले न् खाली शेन सारवलं. मी इचारलं, पोते काहून काढले? म्हनते, "मशीन ठेवाले जागा नोको का?" मशिनीले एवढी जागा लागत नाही, बाई. गादी बी उन्हात घातली. मशीन काही गादीवर झोपत नाही.

आता कंप्युटराचं आयक. ते तुले सांगाचंच होतं, बाकीचं मधात आलं.

सेकंडहँड मोटारसायकलीसाठी मीनं मासोळ्याइतून जे जमवलं होतं ते घेतलं न् नागपूरले गेलो. एकटाच. दोस्त अतुलले म्हनलो चाल, तं तो म्हनते, "तुझ्यासोबत आलो तं मले भलत्याच गाडीत बसवून देशील." माझी इज्जत हे अशी हाये.

दुकानवाल्यानं इचारलं, "बजेट?" मी म्हनलो, "मधातलं. फार वरचं नाही, फार खालचं नाही." त्यानं इचारलं, "काम क्या है?" मी म्हनलो, "गेमिंग." तो खूश झाला न् लायटीवाले पंखे दाखवाले लागला, इंद्रधनुष्यावानी फिरनारे. एकदम भारी दिसत होते. मी हो म्हननारच होतो, तं कानात तुझा आवाज आला, "लायटीनं गेम नाही चालत बे, मंडईत रहाटपाळना हाये का हा?" तं मी म्हनलो, नोको.

पूर्ण दुकानात असंच झालं. जिथं हात टाकला तिथं तू बोललीस. साकोलीच्या कंप्युटर क्लासमधी, तू शिकवत होतीस तिथं, सांजच्याले पोरं गेल्यावर आपन कंप्युटर खोलून ब्रशानं धूळ काढत होतो ना, तेव्हा तू एकेकाचं नाव सांगत होतीस न् मी टवाळी करत होतो. मले वाटे मी काही आयकतच नाही. पाह्य, सारं आयकलं होतं.

दुकानवाला मोठा प्रोसेसर गळ्यात मारून राहिला होता. मले आठवलं, तू म्हनायचीस का प्रोसेसर न् ग्राफिक कार्ड जोडीचे पाहिजेत, एक बैल उंच न् एक बुटका असला का गाडी वाकडीच चालन. म्हनून सहा कोरवाला, मधातला घेतला. रॅमची सोळाची एकच पट्टी देत होता, "बाद में दूसरी डाल लेना" म्हने. मी आठ-आठच्या दोन घेतल्या. एकटी पट्टी चालते, पन अर्ध्या जीवानं चालते, असं तूच सांगितलं होतं. एसएसडी घेतली, साधीच, गेम मावतीन एवढी. मदरबोर्ड मधातला.

पॉवर सप्लायवर माझं न् तुझं भांडन आठवते? आपल्याकडं मोटारपंप सुरू झाले का बलब कसा आजारी पडते. तं मी म्हनत होतो, मोठ्यात मोठा पॉवर सप्लाय घेऊ, तो तारेतून करंट वढून घेईन. तू केवढी हासली होतीस! "अबे तो वढत नाही, त्याले जेवढं मिळते तेवढंच वाटते. व्होल्टेज पडलं तं यूपीएस पाहिजे." दुकानात मीनं तेच वाक्य माझं म्हनून फेकलं. दुकानवाल्यानं इचारलं, "कौनसा कोर्स किया?" मी म्हनलो, "घर में ही हुआ." यूपीएस घेतला. पॉवर सप्लाय बी चांगला घेतला, तिथं कंजूसी नाही केली, नाही तं तू पाच दिवस त्याच्यावरूनच बोलत राहशील.

कीबोर्डची गोष्ट सांगतो. नाही, ते नंतर.

ग्राफिक कार्ड नाही घेतलं.

आता ओरडशील तू. कारन मीनं प्रोसेसर एफवाला घेतला, ज्याच्या नावापुढं एफ रायते तो. तो स्वस्त पडते पन त्याले स्वतःहून चित्र दाखवता येत नाही, हे बी तुझंच शिकवलेलं. कार्ड नसन तं पंखे फिरतीन न् पडदा काळा राहीन. दुकानवाला बिल करता करता थांबला.

"भाई, कार्ड के बिना डिस्प्ले नहीं आएगा."

"मालूम है."

"तो फिर इसका करोगे क्या?"

"बहन आएगी."

"बहन कार्ड लाएगी?"

"नहीं. बहन पसंद करेगी."

त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं का लग्नाची मुलगी पाहून राहिलो का कार्ड.

त्याले सांगितलं का कार्डाचे भाव उतरून राहिले, थोडं थांबतो. ते खरंच हाये, मांगच्या सालापेक्षा बरेच खाली आले. अतुलले सांगितलं का पैसे संपले. ते बी थोडं खरं हाये. पन तुले सांगतो. कार्ड घेतलं असतं तं हे मशीन चालू झालं असतं, बाई. अतुलनं येऊन जोडलं असतं न् बटन दाबलं असतं, न् मंग माझी रीत खोटी ठरली असती. आता तसं नाही. आता कोनीबी येऊ दे, कितीबी बटनं दाबू दे. तू येऊन कार्ड निवडल्याशिवाय ह्या मशिनीवर खरंच काही दिसत नाही. मीनं खोटं सांगितलं होतं, पन आता ते तेवढं खोटं नाही राह्यलं. तुले समजून राहिलं ना मी काय म्हनतो ते?

तू आलीस का पाच दिवसातला एक दिवस आपन दोघं नागपूरले जाऊ. कार्ड निवडाले. खिडकी तुझी.

डब्बा म्हनजे कॅबिनेट आनलं तं त्याची एक बाजू काचेची हाये. बाबानं त्याले चारही बाजूनं फिरून पाह्यलं. मंग इचारतेत, "याच्यात पानी कितीक मावते?"

मी म्हनलो, "बाबा, हा कंप्युटर होय. मासोळ्या नाही ठेवत याच्यात."

"मंग काच कायले?"

"आतलं दिसाले."

"आत काय हाये?"

"अजून काही नाही."

बाबा तिथंच उकिडवे बसले न् बराच वेळ आत पाहत राह्यले. मंग म्हनलं, "खालीच हाये तं." आनि जाळं खांद्यावर टाकून तलावावर गेले. सांजच्याले आले तं बारीक जाळ्याचा तुकडा कापून आनला होता. हवेच्या भोकांवर लावाले. मुंग्या न् पाली आत जाऊ नये म्हनून. बरोबर मापाचा कापला होता, म्हनजे सकाळी माप मनात घेऊनच गेले होते. बोलत नाहीत, पन सारं माहीत हाये त्याइले. सिमेंटच्या टाकीत एक मोठी मरळ मासोळी जित्ती ठेवली हाये. गिऱ्हाइकं आले, नाही इकली. माय इचारते तं म्हनतेत, "हे मंडईची."

माझं म्हनशील तं मी मजेत हाये.

बरं, एक गंमत सांगतो. परवा भैय्यालालनं मले रस्त्यात थांबवलं. तोच भैय्यालाल, ज्याची बायको हरवली म्हनून मीनं मंडईत लाऊडस्पीकरवर सांगितलं होतं न् ते घरी भजे तळून राहिली होती. तू चिवड्याचा पुडा सांडवला होता हासता हासता. तं भैय्यालाल मले इचारते, "काय गा देवा, बिमार हायेस का?" मी म्हनलो, काहून? म्हनते, "चार महिन्यापासून माझी सायकल जाग्यावरच सापडून राहिली."

तं त्याचं मन राखाले म्हनून दुसऱ्या दिवशी एक खेकडा घेतला न् त्याच्या चपलीत ठेवला. त्याच्या घरामागं लपून बसलो. भैय्यालाल आंघोळ करून राहिला होता. मी बसलो, बसलो. बाजूले पाह्यलं, तू बसत होतीस तिथं. मंग उठलो, खेकडा काढला न् बोडीच्या पान्यात सोडून देला. खोडी करनं सोपं हाये, बाई. पन ते झाल्यावर मान वळवून कोनाकडं पाहा लागते. बाजूले कोनी नसन तं फक्त एक खेकडा रायते.

जाऊ दे. कीबोर्डचं सांगतो.

दुकानवाला मले लहान कीबोर्ड देत होता. म्हने, गेमिंगवाले सारे हाच घेतेत, हात मोकळा रायते, जागा कमी लागते. मस्त होता, बटनं टकटक वाजत होती. त्याले डाव्या बाजूचे सारे अक्षर होते. उजवीकडं काही नव्हतं. बानाच्या बटनी नव्हत्या. वर, खाली, डावा, उजवा, त्या चार.

मी म्हनलो, बानाच्या बटनी पाहिजेत. तो म्हने, "गेम में उसकी जरूरत नहीं पडती भाई, सब लोग डब्ल्यू ए एस डी से खेलते हैं."

मले माहीत हाये ना. मी बी त्यानंच खेळतो. पन क्लासमधी एका कीबोर्डवर दोघं कारची रेस खेळत होतो तेव्हा डावीकडं मी न् उजवीकडं, बानाच्या बटनीवर, तू. कोपराले कोपर लागत होतं. हरून राहिलीस का तू मले ढकलत होतीस, न् मी हरून राहिलो का तुझ्या बटनीवर फुंकर मारत होतो. तं मीनं त्याले सांगितलं, मोठाच दे. तो म्हने, मंग दोन रिमोट घेऊन घ्या, आरामात दूर दूर बसून खेळता. मी म्हनलो, दूर दूर बसाचं नाही.

घरी आनला न् गादीवर ठेवला. डाव्या बाजूले बसून पाह्यलं. पडदा खोक्यातच, मशीन जोडलेली नाही, नुसताच कीबोर्ड. मायनं दारातून पाह्यलं न् चुलीकडं गेली.

बस. आता मी जास्त लिहीत नाही. अक्षर पाहून तू हासत असशीन. हास ना. तिथं तुले हासाले येते का, बाई? जोरात? नाकातून? मावशी काही म्हनत नसतीन, चांगल्या हायेत त्या. पन हासवते कोन? भाऊजीले जमते का थोडंफार? त्याइले सांग, बिस्किटाची गंमत मी फुकटात शिकवतो.

आता काम आयक, कारन ह्याच्यावर सारं अवलंबून हाये. मावशी स्वतः तुले घेऊन मंडईले येऊन राहिल्या, फोनवर म्हनल्या. एकोडीले त्याइनं जे केलं ते बरोबर होतं का चुकलं, हे त्याइले आपल्याकडं पाहाचं हाये. म्हनून तुले, मायले न् मले एकच सांगता आलं पाहिजे. नव्या धानाची एक मूठ, डब्ब्यावर. हात उजवा, मावशीनं उजवा लावला. 'माझ्या भावाच्या घरी नीट नांद' एकदाच म्हनाचं. हासाचं नाही, तुले हासू आलं तं मले बी येईन न् खेळ खतम. मंग बटन दाब. मशीन जोडून ठेवतो. पंखे फिरतीन, पडदा काळा राहीन. मावशीनं इचारलं, हे काळं काहून? तं मी म्हनीन, अजून घरात रुळली नाही जी, पाच दिवस लागतेत. पाह्यलं? आपोआप बसून गेलं. मावशीच जाऊन भाऊजीले सांगतीन का डिंपलले राहा लागते म्हनून. चुरन्याले मी येतो तुमच्याकडं, तुझ्या पाच दिवसाच्या बदली. नंतर कितीबी दिवस राबवा मले. हे मावशीले सांगून ठेव, देवाले कबूल हाये म्हन.

आनि तुले हे सारं पसंत नसन, लबाडी करून मायघरी येनं तुले आवडत नसन, तं तेही सांग. फोन करशील तेव्हा 'बकरी कशी हाये' असं इचार, म्हनजे मी समजीन का येतेस. आनि 'सगळे बरे आहेत ना, देवानंद' असं इचारलंस, तं समजीन का नाही येत. मंग मी काही म्हननार नाही. मरळ इकून टाकू. कार्ड काय, अतुलबी निवडन.

नाही, अतुल नाही निवडनार. मी त्याले हात लावू देनार नाही.

पन एक कर, तू ये नाही तं नोको येऊ, हे पत्र चुलीत टाक. कोनाले सांगजो नोको बाई, तुझ्या पाया पडतो. भाऊजीले बी नोको. त्याइच्या पोटात गोष्ट रायत नाही, एका गिलासभर चहात बाहेर येते. मायले बी सांगू नोको का मीनं तुले लिहिलं. तिनं त्या दिवशी त्या खोट्याबद्दल मले एक शब्द इचारला नाही, तं आपनबी तिले इचाराचं नाही. आनि मावशीले तं मरेपर्यंत नोको. मले शिव्या बसतीन, मार बसन, त्याचं काही नाही, मले सवय हाये. पन त्याइच्या भावाची जीप दारात आली होती, बाई. दोन सालाच्या जुन्या टॅक्टरले हार घातला होता त्याच्यासाठी. मावशी पाच दिवस मायघरी राहून आल्या न् फोनवर त्याइचा आवाज वेगळाच होता, तूबी आयकला असशीन. हे रीत खोटी हाये असं त्याइले समजलं, तं ते पाच दिवस बी खोटे होऊन जातीन.

त्यापेक्षा राहू दे. म्हनावं, आमच्या आजीपासून चालू हाये.

सांगजो नोको ना बाई. कोनालेच नोको.

तुझी वाट पाहनारा,
डाव्या बाजूचा
देवा